मदत हवी आहे: बेल्जियमच्या पंतप्रधानांचं भाषा बदलणं मोजायचं कसं?

एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी शार्ल मिशेल (फ्रेंचभाषक) आणि अलेक्झांडर द क्रो (डचभाषक) या बेल्जियमच्या दोन माजी पंतप्रधानांची संसदेतली भाषणं तपासतेय. तिथे भाषणाच्या मध्येच फ्रेंचवरून डचवर जाणं नेहमीचंच. मंत्रिमंडळातही पंतप्रधान सोडून दोन्ही भाषकांची संख्या समान लागते. राज्यघटनेच्या कलम ९९ मध्येच तसं आहे. एक चूकही महागात पडते. २००७ मध्ये राष्ट्रीय दिनी पंतप्रधानपदाचे डचभाषक दावेदार इव्ह लेटर्म यांना पत्रकाराने राष्ट्रगीत विचारलं, तर ते चक्क फ्रान्सचं गाऊ लागले! ते अजून कोणी विसरलेलं नाही.

आतापर्यंत कनिष्ठ सभागृहाच्या सविस्तर अहवालांतून परिच्छेदागणिक भाषा नोंदवली. (अहवालात शेजारी दुसऱ्या भाषेतला सारांश असतो, तो वगळलाय.) पण आकडे फसवे वाटतात. लिहून आणलेल्या निवेदनात भाषा आधीच वाटून दिलेली असते, तर प्रश्नोत्तरात डच प्रश्नाला डच उत्तर हा निव्वळ शिष्टाचार असू शकतो. मला हवी आहे ती जागा, जिथे नेता स्वतःहून, कुणाला तरी उद्देशून भाषा बदलतो.

फ्रेंच वाचता येतं, डच शब्दकोश घेऊन. चित्रफिती आहेत, पण सगळ्या बघायला वेळ नाही. दोन महिन्यांत काम द्यायचंय. जर्मन ही तिथली तिसरी अधिकृत भाषा, पण त्यातली भाषणं घेतलेली नाहीत.

तर निवेदनं सरळ वगळू का? आणि प्रश्नोत्तरात मोजणीचं एकक काय धरू: वाक्य, की प्रश्नकर्त्याच्या भाषेपासून ढळलेलं प्रत्येक वळण?