सोसायटीच्या कामांसाठी वकील निवडताना काय तपासायचं?

नवी_समिती:
महाराष्ट्रातली ४८ सदनिकांची नोंदणीकृत सोसायटी. तीन कामं तुंबली आहेत: चार सभासदांची थकबाकी, बिल्डरने करून न दिलेलं कन्व्हेयन्स (जमीन-इमारतीची मालकी सोसायटीच्या नावे करणं) आणि सामाईक गच्चीवर एका सभासदाने ठोकलेली शेड. ओळखीतले एक दिवाणी वकील तिन्ही कामं एकरकमी घ्यायला तयार आहेत. हो म्हणण्याआधी काय विचारावं?

उपविधी_वाचक:
एवढंच विचारा: "यातलं कुठलं काम कुठे दाखल कराल?" थकबाकीचा अर्ज उपनिबंधकांकडे जातो, सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १५४ब-२९ खाली (आधी हे कलम १०१ मध्ये चालायचं). मानीव अभिहस्तांतरणासाठी (बिल्डर करून देत नसताना आदेशाने मिळणारं कन्व्हेयन्स) मोफा, म्हणजे सदनिका मालकी कायदा, १९६३ चं कलम ११, आणि सक्षम प्राधिकारी जिल्हा उपनिबंधक. शेडचा वाद सोसायटी विरुद्ध सभासद असा, म्हणून कलम ९१ खाली सहकार न्यायालय. शेडला परवानगी नसेल तर महापालिकेकडे तक्रार वेगळी. तिन्हींसाठी "दिवाणी न्यायालयात दावा टाकू" असं उत्तर आलं तर नमस्कार करून निघा. चुकीच्या ठिकाणी टाकलेलं प्रकरण अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर परत येतं, तोवर फी आणि वर्षं दोन्ही गेलेली असतात.

तुम्ही सोसायटीच आहात ना, अपार्टमेंट कंडोमिनियम (सदनिकेसोबत जमिनीतला हिस्साही प्रत्येकाच्या मालकीचा) नाही? कंडोमिनियम असेल तर १९७० चा अपार्टमेंट कायदा बघावा लागेल, आणि वरचं सगळं जसंच्या तसं लागू होणार नाही.

खतावणी:
थकबाकीच्या अर्जाला वकील लागतोच असं नाही, समिती स्वतः दाखल करू शकते. मागणी नोटिसा व त्यांच्या पोचपावत्या, समितीचा ठराव, देखभाल शुल्क ठरवणाऱ्या सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त, सभासदवार खातेउतारा आणि मंजूर उपविधींची प्रत हाताशी ठेवा. अर्ज अडतो तो बहुतेक वेळा हिशेबात. व्याज उपविधीतल्या दरानेच आणि सरळ लावायचं. अकाउंटिंग सॉफ्टवेअर गुपचूप चक्रवाढ लावतं. ठरावाशिवाय लावलेला दंड बिलात असेल तर अर्जाआधी काढून टाका, नाहीतर सगळी रक्कमच वादात सापडते. हिशेब स्वच्छ असला की वसुलीचा दाखला मिळाल्यावर त्याविरुद्ध पुनरीक्षणाला (वरच्या अधिकाऱ्याकडे फेरतपासणीला) जाणाऱ्या सभासदाला निम्मी रक्कम आधी भरावी लागते. तिथेच बरेच जण तडजोडीला येतात.

सनद_तपासा:
वकिलांचा सनद (वकिलीचा परवाना) क्रमांक मागा आणि महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे पडताळा. पण सनद असणं म्हणजे सहकाराचा अनुभव असणं नव्हे. सहकार न्यायालयात किंवा जिल्हा उपनिबंधकांसमोर त्यांनी चालवलेल्या प्रकरणांतल्या दोन-तीन आदेशांच्या प्रती बघायला मागा. शेडवाल्या सभासदाचं, थकबाकीदारांचं किंवा बिल्डरचं काम त्यांनी कधी केलंय का, हे लेखी विचारा. 'ओळखीतले' वकील इथेच अडचणीत येतात.

एकरकमी फी नको. प्रत्येक कामाची टप्प्याटप्प्याने, लेखी. वसुलीच्या टक्केवारीवर फी मागणारा वकील बार कौन्सिलचा नियमच मोडतोय. कन्व्हेयन्समध्ये नीट बघा: पुष्कळ जण फक्त आदेशापर्यंतची फी सांगतात. त्यापुढे मुद्रांक अभिनिर्णय (मुद्रांक शुल्क किती ते ठरवून घेणं), दुय्यम निबंधकांकडे नोंदणी आणि मिळकत पत्रिकेवर (जमिनीच्या सरकारी नोंदीवर) सोसायटीचं नाव चढवणं उरतंच, आणि खरा घोळ तिथे होतो.

नवी_समिती:
आणि मधेच वकील बदलायचे झाले तर?

सनद_तपासा:
नवं वकीलपत्र (वकिलाला प्रकरण चालवायचा अधिकार देणारा कागद), सोबत आधीच्या वकिलांची ना-हरकत. ती मिळत नसेल तर न्यायालयाची परवानगी. फी बाकी आहे म्हणून कागद अडवून ठेवता येत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच हे स्पष्ट केलंय. तरी मूळ कागद न्यायालयाने मागितल्याशिवाय देऊच नका. नेमणुकीचा ठराव करताना वकीलपत्रावर कोण सही करणार, तेही त्यात लिहा. समिती बदलली की पहिला आक्षेप त्यावरच येतो.