शायनिंग पहिल्यांदाच बघितला, भूत कमी आणि भीती जास्त, असं का?

कातरवेळ
काल रात्री एकदाचा 'द शायनिंग' बघितला, कुब्रिकचा, १९८० चा. इतकी वर्षं सगळे बघ बघ म्हणत होते आणि मी टाळत होते कारण मला हॉरर झेपत नाही, काल नवरा नाइट शिफ्टला, मुलगी झोपलेली, म्हटलं आज होऊनच जाऊ दे. (शेवटासकट सगळं लिहितेय, ज्यांना बघायचाय त्यांनी इथेच थांबा.)

तर दचकले अशी फारशी नाहीच. पहिला तासभर काय, एक कुटुंब हिवाळ्यात बंद राहणाऱ्या डोंगरातल्या हॉटेलची राखण करायला जातं, बाप जॅक कादंबरी लिहिणार, आई वेंडी बाकी सगळं बघणार, पोरगा डॅनी तीनचाकीवरून कॉरिडॉरमध्ये फिरणार, बस. २३७ नंबरच्या खोलीतली बाई आली तेव्हा उशी तोंडावर घेतली हे खरंय. लिफ्टमधून रक्ताचा लोंढा येतो तो तर आधीच फोनवर दहा वेळा बघून झालेला त्यामुळे त्याचं काही वाटलंच नाही.

पण एक सीन आहे. डॅनीला त्याची खेळण्यातली बंबाची गाडी हवी असते म्हणून तो खोलीत जातो, बाबा झोपलाय म्हणून पाय न वाजवता, आणि जॅक पलंगावर बसलेला असतो, गाऊन घालून, जागाच. पोराला मांडीवर घेतो, कुरवाळतो, हळू आवाजात बोलतो. पोरगा विचारतो, तू मला आणि आईला कधी काही करणार नाहीस ना? आणि तो लगेच नाही म्हणत नाही हो, आधी विचारतो, हे तुला आईने सांगितलं का? मग म्हणतो माझं तुझ्यावर जगात सगळ्यात जास्त प्रेम आहे. तिथे माझ्या पोटात जो गोळा आला तो सिनेमा संपला तरी गेला नाही, शेवटी मुलीच्या खोलीत जाऊन तिच्या कुशीत झोपले.

त्या सीनमध्ये भूत नाही, सुरा नाही, अंधार पण नाही, चांगला उजेड आहे खोलीत. मग सगळ्यात जास्त भीती तिथेच का वाटली? आणि दुसरं, जॅक स्वतः वेडा होतो की हॉटेल त्याला वेडं करतं? शेवटच्या त्या १९२१ च्या फोटोने, ज्यात जॅक दिसतो, तर माझा पार गोंधळ झालाय.

रेकॉर्डिस्ट
मी साउंडचं काम करतो त्यामुळे माझं उत्तर कानाचं आहे. तुम्ही हेडफोन लावून बघितला असेल तर डॅनीची तीनचाकी परत ऐका, डोळे मिटून. लाकडी फरशीवर चाकांची घरघर, गालिचावर आली की एकदम शांत, परत फरशी, परत घरघर. काहीच घडत नसतं पण दर वेळी आवाज बंद झाला की आपण श्वास धरतो. कॅमेरा जमिनीलगत त्याच्या मागेमागे जातो, स्टेडीकॅम, म्हणजे चालतानाही कॅमेरा हलू न देणारं यंत्र, तेव्हा नवीनच होता आणि तो बनवणारा गॅरेट ब्राउन स्वतः चाकांच्या खुर्चीवर बसून तो चालवत होता. पुढच्या वळणावर काय आहे ते पोराला जेवढं दिसतं तेवढंच आपल्याला.

आणि तुम्ही म्हणताय त्या मांडीवरच्या सीनमागे बार्टोक ह्या हंगेरियन संगीतकाराचं संगीत आहे, १९३६ चं, तंतुवाद्यं, तालवाद्यं आणि चेलेस्टा (घंटीसारखा आवाज देणारं छोट्या पियानोसारखं वाद्य). हेच संगीत आधी कुठे येतं माहितीय? आई आणि पोरगा हातात हात घालून झुडपांच्या चक्रव्यूहात फिरायला जातात आणि जॅक आत त्याच चक्रव्यूहाच्या छोट्या मॉडेलवर वाकून वरून बघत असतो, तेव्हा. म्हणजे बाप कुरवाळतोय हे डोळ्यांना दिसतं पण कानाला तो वरून बघणारा माणूस आठवलेला असतो. पोटात गोळा येणारच.

जुनी रीळ
कातरवेळ, एक विचारू, तुम्ही कोणती कॉपी बघितली? ह्याच्या दोन आहेत. अमेरिकेतली १४४ मिनिटांची, आणि बाहेरच्या देशांसाठी कुब्रिकने स्वतःच कापलेली, साधारण ११९ मिनिटांची. छोटी बघितली असेल तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या कापलेल्या भागातच राहिलंय.

मोठ्या कॉपीत हॉटेलला जायच्या आधी घरी एक डॉक्टरीणबाई डॅनीला तपासायला येतात. नंतर बाहेरच्या खोलीत वेंडी त्यांना सांगते की मागे एकदा नवरा पिऊन आला, पोराने कागद विस्कटलेले, त्याने हात धरून ओढला आणि खांदा निखळला. हे सगळं ती हसत हसत सांगते, असं होतंच हो पोरांच्या बाबतीत, अपघातच तो. तिच्या हातात सिगारेट आहे आणि तिची राख लांबच लांब होत जाते, ती झटकतच नाही. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा ती काय बोलते ते ऐकूच आलं नाही मला, मी फक्त राख आता पडेल मग पडेल करत बसलो होतो.

आता ह्यातली गोम बघा. वेंडी म्हणते त्या दिवसापासून त्याने दारू सोडली आणि आता पाच महिने झाले. जॅक पुढे बारमध्ये त्या लॉइडला, म्हणजे तिथल्या भूत बारवाल्याला, सांगतो की पाच महिने कोरडे काढले हे खरं, पण पोराचं ते प्रकरण होऊन तीन वर्षं झाली. म्हणजे त्या दिवशी सोडलीच नव्हती! मधली अडीच पावणेतीन वर्षं त्या घरात काय चालू होतं ते सिनेमा एका शब्दाने सांगत नाही आणि ती बाई मात्र डॉक्टरसमोर पाचच महिन्यांचा हिशोब देते. मला ह्या सिनेमात ह्याहून भीतीदायक काही दिसलेलं नाही.

निवडुंग
कधी लिहीत नाही इथे पण आज लिहिते. आमच्या घरी असा बाप होता. जिन्यात चपलांचा आवाज कसा येतोय त्यावरून आम्हा भावंडांना कळायचं आज काय आहे, आई भाजी ढवळता ढवळता थांबायची. मारायचे त्या दिवसांची भीती वेगळी, ती संपायची. खरी भीती ते प्रेमात यायचे त्या दिवसांची, मांडीवर बसवायचे, खाऊ आणायचे, आणि आम्ही अंग चोरून बसायचो कारण काय बोललं की फिस्कटेल ते माहीत नसायचं. डॅनी त्या सीनमध्ये कसा बसलाय बघा, हात सैल सोडलेले, नजर समोर. ते पोर बाबाला घाबरलंय असं म्हणून भागत नाही, ते बाबाला वाचतंय.

आणि वेंडीला लोक रडूबाई म्हणतात त्याचा मला मनापासून राग येतो. वेंडी झालेल्या शेली डुव्हालला त्या वर्षी सगळ्यात वाईट अभिनेत्री म्हणून रॅझीचं (वाईट सिनेमांची थट्टेची बक्षिसं) नामांकन दिलं होतं, ते त्यांनी २०२२ मध्ये मागे घेतलं, ती गेली २०२४ मध्ये. ती बाई बॅट हातात धरून जिना उलटा चढते, हुंदके देते, बॅट थरथरतेय, आणि तरी नवऱ्याला कोठीच्या खोलीत बंद करून पोराला बाहेर काढते. घाबरलेली माणसं अशीच दिसतात, सुंदर दिसत नाहीत.

डेन्व्हरकर
निवडुंग ताई, तुमचं वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. लिहिलंत ते बरं केलंत.

मी इकडे कोलोरॅडोत आहे, म्हणून हॉटेलच्या बाजूने थोडं लिहितो. एस्टेस पार्कचं स्टॅन्ली हॉटेल इथून दीड तासावर, १९७४ मध्ये लेखक स्टीफन किंग बायकोबरोबर तिथे राहिला, हॉटेल हिवाळ्यासाठी बंद व्हायला आलेलं, पाहुणे जवळजवळ हेच दोघं, खोली नंबर २१७. त्यातून, ज्यावर हा सिनेमा आहे, ती कादंबरी आली १९७७ ला. सिनेमा मात्र तिथे झालाच नाही, बाहेरून दिसतं ते ओरेगनचं टिंबरलाइन लॉज आणि आतलं सगळं इंग्लंडमध्ये एल्स्ट्री स्टुडिओतला सेट. त्या लॉजवाल्यांनीच विनंती केली की २१७ नको, नाहीतर त्या खोलीत कोणी राहणार नाही, म्हणून २३७, जी तिथे नव्हतीच.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल मात्र माझं इथल्या लोकांशी थोडं वेगळं मत आहे. कादंबरीतला जॅक चांगला बाप व्हायला धडपडतो, हॉटेल त्याला हळूहळू खातं, आणि शेवटी एक क्षण तो शुद्धीवर येऊन पोराला पळ म्हणतो. ते वाचताना मी रडलोय. सिनेमातला जॅक पहिल्या इंटरव्ह्यूपासूनच गेलेला वाटतो, किंगची पण हीच तक्रार होती आणि मला ती पटते. पण मग सगळं त्याच्या डोक्यातच म्हणावं तर, भुतं दिसतात तेव्हा बहुतेक वेळा समोर आरसा असतो, बारमागे, लाल बाथरूममध्ये, २३७ मध्ये, इथपर्यंत ठीक. पण जॅक कोंडलेला असताना कोठीची कडी कोणी काढली? दार बाहेरून बंद, वेंडी वर, पोरगा वर.

रेकॉर्डिस्ट
आणि ती कडी निघताना दिसत नाही, फक्त ऐकू येते!

कातरवेळ
सगळ्यांचे आभार. निवडुंग, तुमची पोस्ट दोनदा वाचली. 'बाबाला वाचतंय' हेच होतं ते, मला शब्द सापडत नव्हता.

जुनी रीळ, बघितलं मी, १ तास ५९ मिनिटं, म्हणजे छोटीच. आज दुपारी मोठी कॉपी मिळवून आधी फक्त तो डॉक्टरचा सीन लावला. राख बघितली. पण मला वेंडीपेक्षा त्या डॉक्टरीणबाईंचाच चेहरा जास्त लागला, सुरुवातीला छान हसऱ्या असतात, मग ऐकता ऐकता हसू जातं, आणि तरी त्या काहीच म्हणत नाहीत. घरातलं कळलेला बाहेरचा माणूस आहे तो, पॅड आवरून निघून जाणारा.

आता शनिवारी पूर्ण १४४ मिनिटांचा बघतेय, दिवसा, नवरा पण बसतोय. आणि हेडफोन लावून, तीनचाकीसाठी.