जर्मन शेफर्डचं पिल्लू घ्यायचंय, धड ब्रीडर ओळखायचा कसा? (पुणे)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आम्ही वारज्यात तळमजल्यावर राहतो, मागे थोडी मोकळी जागा आहे. घरात मी, बायको, आठवीतली मुलगी आणि बाबा. बाबांच्या लहानपणी मिरजेच्या घरी अल्सेशियन होता (ते अजून अल्सेशियनच म्हणतात), त्यामुळे कुत्रा म्हणजे तोच, बाकी सगळी मांजरं असं त्यांचं मत.

एकदा तोंड पोळलंय म्हणून विचारतोय. २०१९ ला ऑनलाइन जाहिरात बघून पिल्लू घेतलं होतं. 'हेवी बोन, चॅम्पियन ब्लडलाइन, विदाउट पेपर.' माणूस फोनवर इतका गोड की विचारू नका. घरी येऊन बघू का म्हटलं तर रंगकाम चाललंय, आई बघायचीय म्हटलं तर ती बाळंतपणानंतर आरामाला गावाला पाठवलीय! आणि मी 'हो का, बरं बरं' म्हणालो, आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते. शेवटी हायवेवरच्या एका हॉटेलच्या पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीतल्या सफरचंदाच्या खोक्यातून पिल्लू हातात आलं. पंचेचाळीस दिवसांचं म्हणाला, डॉक्टरांनी दात बघून सांगितलं जेमतेम महिन्याचं. लसीच्या कार्डावर स्टिकर होता, डॉक्टरचा शिक्का नाही की सही नाही.

सात महिन्यांचा झाला तेव्हा जिना चढताना मागचे दोन्ही पाय एकदम उचलायला लागला, सशासारखा. आम्ही हसायचो, मुलीने व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. मग टाइल्सवरून उठताना पाय फाकायला लागले तेव्हा एक्स-रे काढला. डॉक्टरांनी प्लेट उजेडासमोर धरून दाखवली, खुब्याची वाटी उथळ आणि गोळा निम्मा बाहेर, दोन्ही बाजूंना. हिप डिस्प्लेसिया. वर विकणाऱ्याने सांगितलं म्हणून मी रोज दोन वेळा कॅल्शियमचं सिरप पाजत होतो, मोठ्या जातीच्या पिल्लाला जास्तीचं कॅल्शियम उलट हाडांच्या वाढीला घातक असतं हे तेव्हा कळलं. त्याला फोन लावला तर नंबर अस्तित्वात नाही. गेल्या दिवाळीनंतर कुत्रा गेला, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

यावेळी चार जणांशी बोललो. पहिल्याने केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडिया) पेपर पुढे केले. ते बरंच आहे, पण पेपरवरून आईबाप नि खानदान कळतं, खुबे कसे आहेत ते नाही. आईबापाच्या हिपच्या प्लेट मागितल्या तर 'साहेब, आमच्या लाइनमध्ये असलं काही नसतंच.' दुसऱ्याकडे सहा जातींची पिल्लं, बाराही महिने हजर स्टॉक. २०१७ च्या नियमांप्रमाणे ब्रीडरला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, तो नंबर मागितला तर पठ्ठ्याने शॉप अ‍ॅक्टचा फोटो पाठवला. तिसरा म्हणाला चाळीस दिवसांचं न्या, लवकर नेलं की लळा लागतो. त्याच नियमांत आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायला मनाई आहे म्हटल्यावर त्याने फोनच ठेवला.

चौथ्या नाशिककडच्या एक बाई. दोनच माद्या आहेत, सध्या पिल्लं नाहीत, पाऊस संपल्यावर बघू म्हणाल्या. पिल्लं होईपर्यंत अ‍ॅडव्हान्स घेत नाहीत. कधीही सांभाळणं जमलं नाही तर कुत्रा परत माझ्याकडेच आणायचा, असं लिहून घेतात. नर जर्मनीहून आणलेला, त्याला तिकडच्या क्लबचा हिपचा 'ए' शिक्का (म्हणजे खुबे तपासून पास) आहे, मादीच्या प्लेट इथेच काढल्यात. किंमत ऐकून मात्र मी खुर्चीत बसलो. आणि मी चार प्रश्न विचारले तर त्यांनी वीस! दिवसभर घरी कोण, फरशी कसली, आधीचा कुत्रा कशाने गेला, बाबा चौऱ्याहत्तरचे आहेत तर चाळीस किलोचा कुत्रा त्यांना ओढून पाडणार नाही का. बायको म्हणाली, ही पिल्लू विकतेय की स्थळ बघतेय?

तर मुख्य प्रश्न, इतकी चौकशी करणारा ब्रीडर नॉर्मल आहे का हा भाव वाढवायचा प्रकार? दुसरं म्हणजे मादीच्या प्लेट ती चौदा महिन्यांची असताना काढल्यात, ते चालतं का? अमेरिकेतली ओएफए (कुत्र्यांच्या हिपच्या प्लेट तपासून दाखला देणारी संस्था) दोन वर्षांच्या आत पक्का दाखला देत नाही आणि जर्मन क्लब एक वर्षानंतर प्लेट घेतो, मग धरायचं कुठलं? आणि ती प्लेट त्याच कुत्रीची हे कशावरून?

'माझ्या मित्राकडे पिल्लं आहेत' वाले नंबर कृपया नकोत. अ‍ॅडॉप्ट करा म्हणणाऱ्यांचा राग नाही, खालची दोन गावठी आमच्याच जिवावर जगतात, पण बाबांना हाच हवाय आणि त्यांचा हट्ट आता नाही पुरवायचा तर कधी.

अपडेट (रविवार रात्र): सगळ्यांचे आभार. मायक्रोचिप (कातडीखालची नंबरची चिप) ताडून बघा हा सल्ला ज्यांनी दिला त्यांना चहा लागू. आज बाबांना घेऊन जाऊन आलो. मादी आधी भुंकली, मग बुटांचा वास घेतला आणि बाबांच्या पायाशी बसली ती उठेचना. बाईंनी स्वतःच रीडर आणला, मानेवर फिरवला, टुक् वाजलं, प्लेटच्या कोपऱ्यातला नंबर आणि हा नंबर एकच. मी दोनदा वाचला, बाबांनी चष्मा लावून तिसऱ्यांदा. चौकशीचं म्हणाल तर मागे एकाने पिल्लू नेऊन गच्चीवर साखळीला बांधून ठेवलं होतं, ते परत आणायला त्यांना सहा महिने लागले. बायकोने स्थळाचा विषय बंद केला. वयाबद्दल इथे दोन मतं पडली, पण मादी आता सव्वादोन वर्षांची आहे तर प्लेट नव्याने काढू, असं त्या आपणहून म्हणाल्या.

एकच अडलंय. एल्बोच्या प्लेट काढलेल्याच नाहीत. मी विषय काढल्यावर जरा तोंड वाकडं झालं, पण हिपसाठी भूल देणारच आहोत तर त्याच वेळी काढू म्हणाल्या, खर्च निम्मा माझा. मला चालेल. फक्त हिप-एल्बोच्या प्लेट नीट वाचणारं पुण्यात किंवा नाशकात कोणी माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पुढच्या पंधरा दिवसांत काढायच्यात.