हॅलॉन गेलं, एचएफसीही चाललं: कंट्रोल रूममध्ये आता कोणता गॅस?

दाबमापक
२०० घनमीटरची बंद कंट्रोल रूम. फॉल्स सीलिंगवरची पोकळी याच आकारमानात धरली आहे. सध्या आग विझवायला एचएफसी-२२७ईए (एचएफसी म्हणजे हायड्रोफ्लुरोकार्बन) गॅसची सिस्टिम आहे, सिलिंडर ४२ बारचे. हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने सिलिंडर तपासण्याची) वेळ झाली आहे, म्हणजे गॅस काढावाच लागणार. तोच परत भरायचा की याच वेळी बदलून टाकायचा?

दुसरा प्रश्न थोडा तात्त्विक. हॅलॉन १३०१ या जुन्या अग्निशामक गॅसची सर पुढच्या कशालाच आली नाही असं बरेच जण म्हणतात. एक खोली जळाली तर प्लॅस्टिकचा आणि केबलचा जो धूर निघतो, त्यापुढे चार सिलिंडर गॅसचं ते काय, असाही युक्तिवाद ऐकतो. हा हिशेब नेमका कुठे चुकतो?

केबलट्रे
हॅलॉन सरस होतं, हे मान्यच करायला हवं. तुमच्या खोलीला, हवेत ५ टक्के प्रमाण धरून, जेमतेम ६६ किलो पुरलं असतं. ज्वाळेत त्यातला ब्रोमिन सुटतो, आग चालू ठेवणारे हायड्रोजनचे अणू पकडतो आणि पुन्हा मोकळा होऊन पुढचे पकडायला तयार असतो. इतक्या कमी गॅसमध्ये काम होतं ते त्यामुळेच. पण तोच ब्रोमिन स्ट्रॅटोस्फिअरमध्ये पोचला की ओझोनवर हाच खेळ खेळतो, आणि अणूला अणू लावला तर क्लोरिनच्या सुमारे ६० पट ताकदीने. ओझोन वाचवायच्या मॉन्ट्रियल करारात १३०१ ची ओझोननाशक क्षमता १० धरली आहे, मोजपट्टी असलेल्या सीएफसी-११ ची १. विकसित देशांत उत्पादन १९९४ च्या सुरुवातीला थांबलं, विकसनशील देशांत २०१० ला.

युक्तिवाद चुकतो तो इथे: सगळा गॅस आगीवरच पडतो असं त्यात गृहीत धरलंय. हॅलॉनच्या काळात बहुतांश गॅस हवेत गेला तो चाचण्या, प्रशिक्षण, गळती आणि खोट्या अलार्मपायी. म्हणजे तुलना 'एक आग विरुद्ध एक सिलिंडर' अशी नाही, तर 'क्वचित लागणारी आग विरुद्ध वीस-पंचवीस वर्षं पाझरणारा साठा' अशी आहे.

तुमच्या २२७ईएचंही तेच. ८ टक्क्यांनी, २० अंशांना साधारण १२७ किलो. तापमानवाढीचा गुणांक (कार्बन डायऑक्साइडचा १ धरून) ३२२०. एकदा खोटा डिस्चार्ज झाला की सुमारे ४०९ टन कार्बन डायऑक्साइडइतका भार. ओझोनला धक्का नाही, पण मॉन्ट्रियल कराराच्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीने एचएफसीचं उत्पादन टप्प्याटप्प्याने खाली येतंय. आज भरलात तरी पुढच्या रिफिलला गॅस महाग आणि दुर्मीळ होणार.

नॉझल_४
बदलायचाच असेल तर पर्याय खरे दोन. सीओ२ विचारात घेऊ नका: किमान ३४ टक्के लागतो आणि तेवढ्यात माणूस दगावतो.

एक, एफके-५-१-१२. ५.३ टक्क्यांनी तुम्हाला साधारण १५६ किलो लागेल. तापमानवाढीचा गुणांक १ च्याही खाली, हवेत आयुष्य काही दिवसांचं. पण हेही फ्लोरिनचंच रसायन, पीएफएएसच्या (निसर्गात सहजी न विघटणारी फ्लोरिनयुक्त रसायनं) व्यापक व्याख्येत बसणारं. थ्रीएम या उत्पादक कंपनीने पीएफएएसचं उत्पादन २०२५ अखेर सोडायचं २०२२ मध्येच जाहीर केलं. इतर उत्पादक आहेत, पण नियम पुढे कुठे वळतील याची जोखीम डोक्यात ठेवा. भरताना ओलावा अजिबात नको. पाण्याशी त्याची प्रक्रिया होऊन आम्ल तयार होतं आणि व्हॉल्व्ह आतून खातं, त्यामुळे दाब द्यायला भरायचा नायट्रोजन कोरडाच हवा. हा ४९ अंशांना उकळणारा द्रव आहे, नॉझलमधून तुषार म्हणून बाहेर येतो. नॉझलसमोर ट्रे किंवा दिवा आडवा आला तर तिथेच आदळून ओघळतो आणि खोलीत टक्केवारी गाठत नाही.

दोन, आयजी-५४१: ५२ टक्के नायट्रोजन, ४० आर्गॉन, ८ सीओ२. हवेतूनच घेतलेला, हवेतच परत. ३९.९ टक्क्यांसाठी सुमारे १०२ घनमीटर गॅस, म्हणजे ३०० बारचे ८० लिटरवाले साधारण पाच सिलिंडर. ऑक्सिजन १२.६ टक्क्यांवर येतो. मिनिटभरात खोलीच्या निम्म्या आकारमानाची हवा बाहेर जायला हवी, त्यामुळे प्रेशर रिलीफ डॅम्पर (जादा दाब बाहेर सोडणारी झडप) गंजून अडकला असेल तर सीलिंगच्या टाइल उडतात, दार चौकटीसकट हलतं. डॅम्परची वाट थेट बाहेर हवी, कॉरिडॉरमध्ये नको. नॉझलच्या आवाजाने हार्ड डिस्क बिघडतात, तेव्हा सर्व्हर असतील तर सायलेंट नॉझल घ्या.

जागा असेल तर माझं मत दुसऱ्याला.

दाबमापक
आभार. जुना पाइप तसाच ठेवून फक्त सिलिंडर बदलले तर? विक्रेता 'ड्रॉप-इन' (बाकी काही न बदलता बसणारा) म्हणतोय.

नॉझल_४
त्या शब्दावर जाऊ नका. एफकेसाठी हायड्रॉलिक कॅल्क्युलेशन नव्याने करून घ्या. हॅलोकार्बन गॅस (२२७ईए, एफके यांसारखा) १० सेकंदांत पोचला पाहिजे. उशीर झाला की तो ज्वाळेत जास्त वेळ तुटत राहतो आणि हायड्रोजन फ्लुराइड वाढतं, जे माणसाला आणि सर्किट बोर्डाला दोन्हींना घातक. पाइप टिकेलही, नॉझल मात्र जवळपास नक्की बदलावे लागतील. एफके सुटल्यावर खोली झपाट्याने गार होऊन दाब आधी खाली जातो, मग वर, त्यामुळे व्हेंट दोन्ही दिशांना उघडणारा हवा. आयजी-५४१ ला पाइप आणि फिटिंग त्या दाबाचे आहेत का, हे आधी पाहा.

बदलण्याआधी डोअर फॅन टेस्ट (दारात पंखा लावून खोलीची गळती मोजणं) करा. केबल जिथून भिंत ओलांडते ती भोकं बुजवलेली नसतील तर कुठलाच गॅस दहा मिनिटं टिकत नाही.

फोमटँक
फोममध्येही हाच पेच आहे. एएफएफएफ हा फ्लोरिनयुक्त फोम पेट्रोलवर पातळ पडदा पसरवतो, म्हणून झटपट विझवतो. पण अशा फोमशी जोडलेल्या पीएफएएसपैकी पीएफओएस घातक रसायनांवरच्या स्टॉकहोम कराराच्या यादीत २००९ ला आलं, पीएफओए २०१९ ला. फ्लोरिनमुक्त फोमला तो पडदा नाही. जोराने थेट इंधनात मारला की इंधन फोममध्ये मिसळतं आणि फेसच पेटतो. टाकीच्या भिंतीवर मारून हळू ओघळू द्यावा लागतो. शिवाय तो दाट असतो: ३ टक्क्यांवर लावलेला जुना प्रपोर्शनर (पाण्यात फोम मिसळणारं उपकरण) कमी ओढतो, म्हणून मिश्रण मोजून पाहा. टाकी एकदा धुऊन भागत नाही, कारण पाइपच्या आतल्या थरातून जुनं फ्लोरिन नव्या फोममध्ये उतरत राहतं.

आणि विमानांच्या कार्गो होल्डमध्ये १३०१ अजून का आहे, हे 'सरसकट बंद करा' म्हणणाऱ्यांनी पाहावं. एफएएच्या (अमेरिकेची विमान नियामक संस्था) एरोसोल कॅनच्या स्फोटाच्या चाचणीत एचएफसी-१२५, २-बीटीपी आणि एफके या तिन्ही पर्यायी गॅसनी कमी प्रमाणात असताना स्फोटाचा दाब घटवायच्या ऐवजी वाढवला.

केबलट्रे
म्हणूनच काढलेला गॅस हवेत सोडू नका, मग तो २२७ईए असो की कुठे पडून असलेला १३०१. रिकव्हरी मशीनने बंद सर्किटमध्ये काढा, आधी आणि नंतर सिलिंडरचं वजन करा, फरकाची नोंद ठेवा. १३०१ शुद्ध करून विमानांसाठी वापरता येतो. डिटेक्टर तपासायच्या दिवशी सिलिंडरवरचा सोलेनॉइड (गॅस सोडणारा विजेवरचा भाग) आधी उतरवून ठेवा आणि काम झाल्यावर परत बसवल्याची सही घ्या. सिलिंडरमधला गॅस ५ टक्क्यांहून जास्त किंवा तापमान जमेस धरून दाब १० टक्क्यांहून जास्त घटलेला आढळला तर नुसता रिफिल करू नका, आधी गळती शोधा: व्हॉल्व्हची सीट, गेजचा जोड, बर्स्ट डिस्कची कड.