वडिलांचं दुसऱ्या गुडघ्याचं ऑपरेशन: इन्सुलिनची चूक पुन्हा होऊ नये म्हणून काय करू? (नाशिक)

नमस्कार मंडळी,

वडील ७१ वर्षांचे. आम्ही सिडकोत राहतो. मार्चमध्ये त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, पुढच्या महिन्यात डाव्याचं आहे. हॉस्पिटल तेच, सर्जनही तेच. त्यांच्या हाताला खरंच यश आहे. वडील काठी घेऊन त्रिमूर्ती चौकापर्यंत जाऊन येतात. त्यामुळे हॉस्पिटल बदलायचं नाही. पण मार्चमधली एक रात्र डोक्यातून जात नाही.

वडील घरी पेनने इन्सुलिन घेतात, संध्याकाळी १६ युनिट. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी आम्ही पेन वॉर्डात दिलं, पण पेनच्या सुया घरीच राहिल्या होत्या. सिस्टरने आपल्या परीने मार्ग काढला. पेनमधलं इन्सुलिन लाल टोपणाच्या साध्या इन्सुलिन सिरिंजमध्ये ओढलं आणि १६ च्या रेघेपर्यंत भरून दिलं. रात्री अडीचला भावाने अंगाला हात लावला तर वडील घामाने ओलेचिंब, काहीतरी भलतंच बरळत होते. शुगर ४६! रात्रपाळीच्या सिस्टर धावत आल्या, आरएमओंना (वॉर्डच्या निवासी डॉक्टरांना) उठवलं, शिरेतून ग्लुकोज दिलं, तेव्हा कुठे वडिलांनी आम्हाला ओळखलं.

सकाळी शुगरच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा उलगडा झाला. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० चं असतं, म्हणजे एका मिलीत ४० युनिट, आणि लाल टोपणाची सिरिंज त्याच मापाची. पेनमधलं १०० चं. म्हणजे १६ च्या रेघेला १६ नाही, ४० युनिट गेले. अडीच पट! १०० च्या सिरिंजला केशरी टोपण असतं, पण मुळात पेनमधून सिरिंजने इन्सुलिन काढायचंच नसतं. तुमच्या घरी कोणी असं करत असेल तर कृपया आजच थांबवा.

त्या सिस्टरने काहीही न लपवता 'मीच असं दिलं' म्हणून सांगितलं. ती खरं बोलली म्हणूनच कारण सापडलं. तरी सगळ्यांसमोर तिला बोलणी बसली, पोरगी रडत होती. आणि डिस्चार्ज कार्डावर या प्रकाराचं अक्षरही नाही. माझा भाऊ सातपूरला कंपनीत आहे. तो म्हणाला, आमच्याकडे मशीनवर बोट जाता जाता वाचलं तरी त्याची नोंद होते, पुढच्या पाळीला वाचून दाखवतात. इथे ओव्हर देताना, म्हणजे पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला माहिती देताना, हे कोण कोणाला सांगणार?

मला तक्रार करायची नाही, भरपाई नको. त्या मुलीची नोकरी तर मुळीच जायला नको. फक्त ही गोष्ट तिथे कुठेतरी लिहिली जावी आणि वॉर्डात पेनच्या सुया असाव्यात, एवढंच. हे कोणाशी बोलावं? सर्जनशी, मेट्रनशी की मॅनेजमेंटशी? अर्ज लिहून दिला तर ते आमच्याकडे भांडखोर नातेवाईक म्हणून बघतील का? मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार मागितल्यापासून ७२ तासांत कागदपत्रं द्यावी लागतात हे वाचलंय. पण ऑपरेशनच्या तोंडावर फाइल मागावी की नंतर?

वॉर्डात काम करणाऱ्या किंवा केलेल्या सिस्टर इथे असतील तर त्यांना खास विचारते. इन्सुलिनचा डोस दोघींनी मिळून तपासायची पद्धत बऱ्याच ठिकाणी असते म्हणे. नातेवाइकाने 'दुसऱ्या सिस्टरना दाखवून द्याल का?' असं विचारलं तर राग येतो का? कोणत्या शब्दांत विचारलेलं चालेल? औषधांचा कागद (नाव, डोस, वेळ, 'पेन १०० चं') फाइलला लावून घेतात का, की पलंगापाशी चिकटवू?

ऑपरेशनच्या दिवशी उपाशीपोटी इन्सुलिन किती, हे भूलतज्ज्ञांकडून लिहूनच घेणार आहे. यावेळी डावा गुडघा आहे, तेव्हा ओटीत नेण्याआधी पायावर पेनाने खूण केलेली मला दाखवा म्हणणं जास्त होईल का? चिरा देण्याआधी सगळ्यांनी थांबून पेशंटचं नाव, ऑपरेशन आणि बाजू मोठ्याने म्हणायची, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या यादीतच आहे, म्हणून विचारायचं धाडस करते.

बुधवारी भूलतज्ज्ञांकडे तपासणी आहे. त्याआधी कोणी अनुभवाने सांगितलंत तर फार मदत होईल.