मुलीसाठी एडिटिंग + गेमिंग पीसी: ग्राफिक्स कार्ड आत्ताच घ्यावं की नंतर?

नमस्कार. मुलीसाठी (वय १५) डेस्कटॉप असेंबल करायचा आहे. बाकी बरंचसं ठरलंय, पण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डापाशी गाडी अडली आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

ती आणि तिच्या मैत्रिणी छोट्या फिल्म करतात. शूटिंग फोनवर होतं आणि एडिटिंग सगळं हिच्याकडे असतं, दा विंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत. शिवाय माइनक्राफ्ट आणि व्हॅलोरंट हे गेम. घरच्या जुन्या पीसीला ८ जीबी रॅम आहे. फोरकेची क्लिप टाइमलाइनवर टाकली की आवाज पुढे निघून जातो आणि चित्र मागे अडकून बसतं. मग ती आवाजाच्या लाटा बघून कट मारते. इतक्या चिकाटीने काम करणाऱ्या पोरीला धड मशीन मिळावं असं फार वाटतं. त्यात हा पीसी विंडोज ११ घेत नाही आणि विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे आता त्याच्यात पैसे घालण्यात अर्थ नाही.

फोनचे व्हिडिओ एडिटिंगला एवढे जड का जातात हे वाचून काढलं. एचईव्हीसीमध्ये (फोन व्हिडिओ दाबून साठवतात ती पद्धत) पूर्ण चित्र अधूनमधूनच साठवलेलं असतं, मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं एवढीच नोंद. त्यामुळे मधल्या एखाद्या फ्रेमवर जायचं तर आजूबाजूच्या फ्रेम उलगडून ती तयार करावी लागते. प्रॉक्सी (मूळ क्लिपच्या हलक्या प्रती) बनवल्या तर हा भार बराच कमी होतो, ते तिला शिकवणारच आहे. पण कलर आणि इफेक्ट लावताना रिझॉल्व्ह मुख्यतः ग्राफिक्स कार्डावर चालतं, आणि तिथे प्रॉक्सी काही अंशीच कामी येते.

अडचण अशी की चांगलं कार्ड घ्यायचं म्हटलं तर बजेटचा जवळपास निम्मा भाग त्यातच जातो. म्हणून आत्ता कार्डाशिवाय पीसी उभा करायचा आणि पुढच्या वर्षी कार्ड टाकायचं, असा विचार आहे.

तसं केलं तर प्रोसेसर एएमडीचा रायझन ५ ५६००जी की इंटेलचा कोअर आय५-१२४००? दोन्ही ६ कोअर, १२ थ्रेडचे. ५६००जीचं आतलं वेगा ग्राफिक्स गेमसाठी १२४०० मधल्या यूएचडी ७३० पेक्षा सरस, म्हणजे पोरगी आजपासून खेळू शकेल. पण त्याची एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) १६ एमबी (साध्या ५६०० ची ३२) आणि पीसीआयई (कार्ड जोडायचा मार्ग) ३.० पर्यंतच. उद्या आरएक्स ६६०० सारखं त्या मार्गाच्या आठच लेन वापरणारं कार्ड लावलं तर तिथे थोडा फटका बसणार. १२४०० मध्ये क्विक सिंक (व्हिडिओ उलगडायची खास सोय) आहे, पीसीआयई ४.० आहे, पुढच्या कार्डासाठी पाया पक्का. गेमिंग मात्र तोवर जेमतेम. माझा कल १२४०० कडे आहे. एफ अक्षराचं मॉडेल अर्थात नको, त्यात ग्राफिक्सच नसतं.

रॅम ८ जीबीच्या दोन स्टिक, म्हणजे ड्युअल चॅनल (दोन्हींतून एकाच वेळी डेटा) मिळेल. आतल्या ग्राफिक्सला रॅमच वापरावी लागते, तेव्हा एकच स्टिक नको. मदरबोर्ड चार स्लॉटचा बघतोय, पुढे ३२ जीबी करता यावेत म्हणून. ५०० जीबी एनव्हीएमई (वेगवान एसएसडी), आणि जुनी हार्ड डिस्क संपलेल्या प्रोजेक्टसाठी. मॉनिटर १०८०पी आहे, तोच चालवू. पॉवर सप्लाय ५५० वॉट, नामांकित कंपनीचाच. तिथे काटकसर करायची नाही हे पक्कं.

आता विचारायचं ते असं. या दोन प्रोसेसरपैकी कोणी कार्डाशिवाय रिझॉल्व्ह चालवलंय का? फोरके फुटेज, १०८०पी टाइमलाइन, प्रॉक्सी चालू, एवढंच काम आहे. कार्ड घेताना १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० एडिटिंगसाठी जास्त उपयोगी पडेल की ८ जीबीचं आरएक्स ६६०० पुरेल? त्याचा वीजवापर कमी आहे (१३२ वॉट, ३०६० चा १७०). आणि ३०६० सेकंड हँड घ्यायचं झालं तर समोर लावून काय काय तपासावं? क्रिप्टो मायनिंगला वापरलेलं कार्ड ओळखता येतं का?

की हे सगळं सोडून थोडं थांबावं, पैसे साठवावेत आणि कार्डासकट एकदमच घ्यावं? तिच्या पुढच्या फिल्मचं शूटिंग सुरू झालंय, म्हणून थांबायचं जिवावर येतंय. पण तोच सल्ला योग्य असेल तर तसंही सांगा.