स्टार वॉर्सची मोडतोड १९९७ पासूनची आहे

डिस्नेने २०१२ ला लुकासफिल्म, म्हणजे स्टार वॉर्सचे सिनेमे काढणारी कंपनी, घेतली आणि तिथून स्टार वॉर्सची वाट लागली असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. २०१४ ला इतक्या वर्षांच्या कादंबऱ्या 'लेजंड्स', म्हणजे अधिकृत कथेत न धरलेल्या, म्हणून बाजूला काढल्या त्याचा राग मलाही आहेच, पण मोडतोड स्टार वॉर्सचा कर्ता जॉर्ज लुकास, खुद्द त्यानेच जुन्या सिनेमांच्या १९९७ च्या बदललेल्या आवृत्तीत, स्पेशल एडिशनमध्ये, सुरू केली, नायकांपैकी एक हान सोलो याच्या आधी त्याला धरायला आलेल्या ग्रीडोला गोळी झाडायला लावली, अरे त्यात हानचा स्वभावच बदलला ना!

आमच्या मालवणच्या घरी मामाने आणलेली जुनी व्हिडिओ कॅसेट आहे, त्यात हानच आधी झाडतो. खाऱ्या दमट हवेने दर पावसाळ्यात टेपवर पांढरी बुरशी धरते, मग कापसाने हळूहळू पुसत बसायचं आणि परत तांदळाच्या डब्यात ठेवायची. टाकवत नाही, कारण २००६ ला बदल न केलेला मूळ कट डीव्हीडीवर दिला तोही नव्याने साफ न करता, जुन्या लेझरडिस्कच्या (डीव्हीडीच्या आधीची मोठी चकती) मास्टरवरून, बोनस म्हणून.